दिवा, तबकडी, ड्रोन

२०२५ च्या मे महिन्यातल्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही रत्नागिरीस होतो. आंब्याचा हंगाम सरत आला होता, हवेत पावसाआधीचा दमटपणा होता, आणि सीमेवरील संघर्ष थांबून जेमतेम दोन दिवस झाले होते. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यासाठीच्या यादीत महाराष्ट्रातील ज्या सोळा ठिकाणांची नावे होती त्यांत रत्नागिरीही होती. ८ मेच्या रात्री उत्तर आणि पश्चिम सीमेवर तीन-चारशे ड्रोन आल्याचे सरकारी निवेदन सर्वांनी ऐकले होते. अशा दिवसांत संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर बसलो असता शेजारच्या घोळक्यातील एक मुलगा एकदम ओरडला, "काका, तो बघा ड्रोन!"

पश्चिमेला, पाण्यापासून दोन-तीन हात वर, एक ठळक पांढरा दिवा स्थिर दिसत होता. पाहता पाहता घोळक्यातील सर्वांना तो हलताना दिसू लागला. कुणी म्हणाले, डावीकडे सरकतो आहे. थोड्या वेळाने बाकीचेही डावीकडेच म्हणू लागले. खरे सांगायचे तर आम्हांलाही क्षणभर तसेच वाटले. तो गुरू होता. त्या महिन्यात सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे तो तासा-दोन तासांपुरता दिसत असे. मग उत्तरेकडून एक लुकलुकता दिवा आला, तांबडा आणि पांढरा, आणि आवाज न करता डोक्यावरून दक्षिणेस गेला. तोही ड्रोनच ठरला. मुंबईहून गोव्याकडे वा त्याही खाली जाणारी विमाने या किनाऱ्यावरून वर्षानुवर्षे जात आहेत. पण त्या संध्याकाळी त्यांच्याकडे विमान म्हणून पाहण्यास कोणी तयार नव्हते.

घोळका पांगला, कुणाचे काही बिघडले नाही. तरीही तो प्रसंग आमच्या मनातून गेला नाही, कारण पाहण्याच्या अशाच चुका इतरत्र एवढ्या निरुपद्रवी राहिलेल्या नाहीत. या चुकीलाही एक इतिहास आहे, आणि तो जितका विमानांचा आहे तितकाच शब्दांचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालावे असे आम्हांला वाटते ते त्यामुळेच.

*

प्रथम डोळ्यांची बाजू मांडू. रात्रीच्या आकाशात एकट्या दिव्याचे अंतर ओळखण्याचे कोणतेही साधन आपल्या डोळ्यांजवळ नसते. दिवसा झाडे, डोंगर, घरे यांच्या आधाराने आपण वस्तू किती दूर आहे ते ठरवतो. अंधारात तो आधार जातो. मग मन आधी अंतर गृहीत धरते आणि त्यावरून आकार व वेग ठरवते. एक साधे गणित करून पाहावे. प्रवासी विमान १० किलोमीटर उंचीवरून ताशी ९०० किलोमीटर वेगाने जात असेल तर ते सेकंदाला २५० मीटर पुढे सरकते. आता १०० मीटर उंचीवरचा ड्रोन सेकंदाला अडीच मीटर, म्हणजे ताशी अवघे ९ किलोमीटर वेगाने चालला आहे असे समजा. डोक्यावरून जाताना दोन्ही दिवे आकाशात अगदी सारख्याच गतीने सरकताना दिसतील. म्हणजे 'हा आपल्या छपरावर आहे' असे एकदा मनाने ठरवले, की विमानाचा दिवा आपोआप संथपणे टेहळणी करणारा होतो. पाहणारा खोटे बोलत नसतो. त्याचे गणित बरोबर असते, फक्त पहिला आकडा चुकलेला असतो.

आवाजाचेही तसेच. दहा किलोमीटरवरून आवाज खाली पोचायला सुमारे अर्धे मिनिट लागते, आणि तोवर दिवा पुढे गेलेला असतो. वाऱ्याची दिशा उलट असेल तर तो पोचतच नाही. म्हणून 'आवाज नव्हता, अर्थी विमान नव्हते' हा युक्तिवाद फसवा आहे. विमानतळाजवळ आणखी एक गंमत घडते. उतरण्यासाठी समोरून येणाऱ्या विमानाचा प्रखर दिवा कित्येक मिनिटे एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो, आणि विमान वळले की तो एकाएकी झेप घेतल्यासारखा भासतो. विमानाच्या डाव्या पंखावर तांबडा आणि उजव्यावर हिरवा दिवा असतो. लहान ड्रोनवरही बहुधा याच रंगांचे दिवे बसवलेले असतात. तेव्हा रंगांवरूनही निवाडा होत नाही.

राहिला धक्क्यावरचा हलणारा गुरू. गडद अंधारात स्थिर दिव्याकडे एकटक पाहिले की तो हलल्याचा भास होतो, ही गोष्ट खगोल-अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. मूळचे तुर्कस्तानचे मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी या भासाचाच प्रयोगासाठी उपयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९३५ साली प्रसिद्ध केले. अंधाऱ्या खोलीत माणसाला एकट्याला बसवून दिवा किती हलला ते विचारले असता प्रत्येकाचे उत्तर निराळे येई. त्यांनाच एकत्र बसवून मोठ्याने उत्तरे द्यायला लावले की ती हळूहळू एकमेकांजवळ येत आणि एका ठरावीक आकड्यापाशी स्थिरावत. नंतर एकट्याला विचारले तरी माणूस सहसा समूहाचाच आकडा सांगे. दिवा मुळी हललेलाच नसे. मांडवीच्या धक्क्यावर 'डावीकडे' या शब्दावर झालेली एकवाक्यता आम्हांला या प्रयोगाची आठवण करून देते. पाच जणांनी पाहिले म्हणजे पाच साक्षी झाल्या असे आपण समजतो; पुष्कळदा साक्ष एकच असते, ती पाच तोंडांनी बोलते.

*

मात्र दिवा हलतो एवढ्याने तो 'ड्रोन' होत नाही. त्याला नाव द्यावे लागते, आणि नाव प्रत्येक काळाच्या कोठारातून येते.

कोकणच्या रात्रीला अनोळखी दिवे नवीन नाहीत. अमावस्येच्या रात्री वेताळाची मिरवणूक निघते, भुतांच्या हाती मशाली असतात, तिच्या वाटेत उभे राहू नये, ही समजूत किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आजही वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठाल्या चामडी चपला वाहतात; रात्री फेरी घालून देवाच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. रात्री कोणीतरी गावाभोवती फिरत असते, ही कल्पना या भूमीत अशी मुरलेली आहे. फरक इतकाच की वेतोबाचे फिरणे राखणीसाठी आहे.

या समजुतींची पहिली मोठी नोंद कशी झाली तेही पाहण्याजोगे आहे. ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्याने गोळा करविलेल्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोवेन यांनी कोकणच्या लोकसमजुतींचा खंड १९१५ साली प्रसिद्ध केला. ती सामग्री बव्हंशी गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला पाठविलेल्या उत्तरांतून आली होती. खंड निघाला तेव्हा जॅक्सन हयात नव्हते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांचा वध केला होता, आणि कान्हेरे रत्नागिरी जिल्ह्याचेच सुपुत्र. इतिहासाचा हा पेच आपल्या जागी राहो. आमच्या विषयापुरते महत्त्वाचे हे, की लोक काय पाहतात आणि त्याला काय म्हणतात हे शंभर वर्षांपूर्वी शिक्षकांनी लिहून ठेवले. आज ते काम कोण करतो?

१९४७ साली या कोठारात एका नव्या नावाची भर पडली. २४ जून रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावरून भिरकावलेली बशी उड्या घेत जाते तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. उपमा चालीची होती. वृत्तपत्रांनी ती आकाराला लावली आणि मथळ्यात 'उडती बशी' अवतरली. त्यानंतर जगभर लोकांना गोल बश्याच दिसू लागल्या. मराठीत तिची 'उडती तबकडी' झाली आणि विज्ञानकथांतून, मुलांच्या मासिकांतून ती घरोघर पोचली. एका वार्ताहराने उपमेचा साधारणधर्म बदलला आणि लोकांना दिसणाऱ्या वस्तूंचा आकार बदलला. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

'ड्रोन' हा आजचा शब्द. इंग्रजीत तो मुळात नर मधमाशीचा, आणि तिच्या गुणगुणण्याचा. मराठीने तो बदल न करता घेतला, लिंगाबाबत मात्र अजून तिचे एकमत नाही: कुणी 'ड्रोन फिरतोय' म्हणतो, कुणी 'ड्रोन फिरतंय'. हा शब्द खेड्यात शत्रू म्हणून आला नाही. लग्नाच्या चित्रीकरणात तो दिसला, एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी करताना दिसला, फवारणीसाठी शेतात दिसला. जानेवारी २०२५ पासून तर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने अवैध मासेमारीवर नजर ठेवण्यासाठी किनाऱ्यावर ड्रोन उडवण्यास आरंभ केला. तेव्हा मिरकरवाड्याच्या मच्छीमाराला 'ड्रोन वगैरे काही नसते' असे सांगणे हास्यास्पद ठरेल. समुद्रावर तर आणखी एक उजेड आहे. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तिच्याविरुद्धची पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. कोकणचे रात्रीचे क्षितिज आता पूर्वीसारखे काळोखी राहिलेले नाही. जानेवारी २०२३ मध्ये मोपा आणि डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई येथील विमानतळांवरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. वरच्या दिव्यांची संख्या वाढतच जाणार.

*

अशी चूक अडाणी माणूसच करतो, या समजुतीचे निराकरण करणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमधील सीमेवर भारतीय सैनिकांनी सरोवरावरून ये-जा करणाऱ्या अनोळखी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या आणि त्या चिनी टेहळणीच्या असाव्यात असा संशय व्यक्त केला. अखेर बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना पाचारण करण्यात आले. त्या वस्तू गुरू आणि शुक्र निघाल्या. प्रशिक्षित, दक्ष, प्रामाणिक सैनिकांची ही नोंद होती. उंचावरच्या विरळ आणि स्वच्छ हवेत ग्रह अधिक तेजस्वी दिसत होते आणि सीमेवर तणाव खरोखरच होता.

प्रगत देशांचीही हीच गत. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या वार्तेने सुमारे एक हजार उड्डाणे आणि एक लाख चाळीस हजार प्रवासी खोळंबले. ड्रोन सापडला नाही. सापडले ते एक निरपराध जोडपे. त्यांना अटक झाली, नावे जगभर झाली, मग सुटका झाली आणि पुढे भरपाई द्यावी लागली. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जिथे मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात, ड्रोन दिसल्याच्या पाच हजारांहून अधिक सूचना आल्या. त्यांतल्या सुमारे शंभरच पुढे तपासण्याजोग्या ठरल्या. १६ डिसेंबरच्या संयुक्त सरकारी निवेदनात म्हटले होते की पाहिलेल्या गोष्टींत रीतसर उडवलेले ड्रोन होते, तसेच ड्रोन समजली गेलेली विमाने, हेलिकॉप्टरे आणि तारेही होते.

या यादीतले सर्वांत बोधप्रद उदाहरण जुने आहे. १९०९ साली इंग्लंडमध्ये रात्री जर्मन हवाई जहाजे दिसू लागली. त्या वेळी जर्मनीहून असे जहाज तिथवर येऊन घिरट्या घालणे संभवनीयच नव्हते. लोकांची पुष्कळ चेष्टा झाली. परंतु जानेवारी १९१५ मध्ये झेपेलिन खरोखर आली आणि तिने बॉम्ब टाकले. म्हणजे भय खोटे नव्हते, ज्या दिव्यावर ते आरोपिले गेले तो दिवा चुकीचा होता. ड्रोनच्या बाबतीत क्रम उलटा आहे. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलतळावर ड्रोनने स्फोटके टाकली, मे २०२५ मध्ये तर ड्रोन थव्यांनी आले. आधी खरे ड्रोन आले, मग विमानांचे ड्रोन झाले. भिणाऱ्याला हसणे सोपे आहे. त्याचे भय कुठून आले हे सांगणे अभ्यासकाचे काम आहे.

*

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत आणि पुढे बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतल्या गावांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या तक्रारी आल्या. ते सर्वच विमाने वा तारे होते असा आमचा दावा नाही. काही खरोखरचे ड्रोन असू शकतील. पण भयाचे स्वरूप पाहावे. रत्नागिरीच्या धक्क्यावर ड्रोन म्हणजे शत्रू होता. मराठवाड्याच्या शेतवस्तीवर ड्रोन म्हणजे चोर. तो घरे हेरतो, मागाहून टोळी येते, अशी ती कथा. गावोगाव तरुण काठ्या घेऊन गस्त घालू लागले. जागल्याचे जुने काम सगळ्या गावाने अंगावर घेतले.

काठी घेतलेल्या गस्तीचा हात आकाशापर्यंत पोचत नाही. दिवा वर असतो, आणि खाली रस्त्याने कोणीतरी अनोळखी जात असतो. इथे हा विषय मौजेचा राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. पोटासाठी ते मंगळवेढ्याकडून इतक्या दूर आले होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक असे तिघे मारले गेले. त्या भागातही रात्री चोर फिरतात या अफवेने गावे जागी होती. या दोन्ही घटनांत ड्रोन नव्हता. तो आला उत्तर प्रदेशात. २०२५ च्या उन्हाळ्यापासून तिथे 'ड्रोनवाले चोर' ही वदंता जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली, आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी रायबरेली जिल्ह्यात रात्री वाटेने जाणाऱ्या एका दलित माणसाला चोर ठरवून जमावाने जिवे मारले. आकाशातल्या दिव्याबद्दलची चूक जमिनीवर उतरली ती अशी. महाराष्ट्रात २०२४ मध्ये गस्ती निघाल्या तेव्हा राईनपाड्याला सहाच वर्षे झाली होती.

मरणारा कोण असतो, हेही लक्षात घ्यावे. तो जवळजवळ नेहमी परगावचा, फिरस्ता, गरीब, बोली निराळी असलेला असतो. दिव्याला नाव देताना समाज जे कोठार उघडतो त्याच कोठारात माणसांसाठी ठरवून ठेवलेली नावेही असतात.

*

आपल्या परंपरेने या चुकीचा विचार कसून केला आहे. अंधारात दोरीच्या ठिकाणी साप दिसतो, हा दृष्टांत वेदान्ताच्या पहिल्या पाठातला. नैयायिक त्याचे स्पष्टीकरण देताना म्हणतात की साप खोटा नसतो. तो अन्यत्र पाहिलेला असतो आणि इथे दोरीवर दिसतो. ज्याने कधी साप पाहिला वा ऐकला नाही त्याला दोरीत साप दिसणार नाही. ड्रोनची गोष्ट अक्षरशः हीच आहे.

पण आम्हांला त्याहून उपयोगाचे वाटते ते शाळेत शिकवले जाणारे अलंकारशास्त्र. उपमेयाच्या ठिकाणी उपमानच आहे असा भ्रम होऊन त्याप्रमाणे कृतीही घडली तर भ्रांतिमान; हे की ते, असा निर्णय न होता मन दोलायमान राहिले तर ससंदेह. परीक्षेपुरती ही लक्षणे आपण पाठ करतो आणि विसरतो. त्यांतला 'कृती घडली तर' हा अंश किती जड आहे हे राईनपाड्याच्या संदर्भात वाचल्यावर कळते. कवितेत भ्रांतिमान शोभतो, कारण तिथल्या कृतीने कुणाचे रक्त सांडत नाही. गावच्या वेशीवर मात्र माणसाने ससंदेहापाशीच थांबायला शिकले पाहिजे. 'हा ड्रोन आहे की विमान?' हा प्रश्न दहा मिनिटे प्रश्नच राहू दिला, तर बहुतेक वेळा आकाशच उत्तर देते: विमान निघून जाते, ग्रह मावळतो.

शिक्षकांना यातून करता येण्याजोगे एक काम आहे. जॅक्सनच्या प्रश्नावलीला उत्तरे लिहिणाऱ्या मास्तरांप्रमाणे आपल्या विद्यार्थ्यांना एक वही घालून द्यावी. अमुक दिवशी, इतक्या वाजता, अमुक दिशेला काय दिसले; किती वेळ दिसले; आवाज किती वेळाने आला; आणि शेजारच्याशी बोलण्याआधी आपल्याला काय वाटले. शेवटचा रकाना विसरू नये, शेरीफच्या प्रयोगाचे मर्म त्यातच आहे. नाव देण्याचा रकाना सर्वांत शेवटी ठेवावा, आणि तो कोरा राहिला तरी गुण कापू नयेत.

त्या संध्याकाळी गुरू मावळल्यावर धक्क्यावर कोणी उरले नव्हते. भगवतीच्या किल्ल्यावरचे दीपगृह तेवढे नेमाने उघडझाप करीत होते. त्याला मात्र कोणी ड्रोन म्हटले नव्हते. ते कुणाचे आहे आणि कशासाठी आहे, हे सर्वांना ठाऊक होते.